पाचवा शेजारी की गटांची यादी?

दीर्घिकेभोवतीच्या गर्दीचा तिच्यातल्या तारानिर्मितीवर काय परिणाम होतो, हे तपासायला बसलं की पहिला प्रश्न गर्दी मोजण्याचाच येतो. पाचव्या शेजाऱ्याचं, म्हणजे जवळून पाचव्या दीर्घिकेचं, अंतर काढायचं (ते जितकं कमी तितकी घनता जास्त), की दीर्घिका आधी गटांत वाटून घ्यायच्या? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पाचवा शेजारी सोपा. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाच्या माहितीवर मला दोन दिवसांत घनता मिळाली. गटांची यादी नीट समजून घ्यायलाच दोन महिने लागले. शिवाय २०१० मध्ये पेंग आणि सहकाऱ्यांनी वस्तुमानामुळे आणि परिसरामुळे थांबणारी तारानिर्मिती वेगवेगळी करून दाखवली, तीही याच मापावर. तेव्हा ते कच्चं आहे असं मी म्हणणार नाही.

माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आपलाच स्थानिक गट घ्या. आकाशगंगा, देवयानी आणि एम ३३, ठळक दीर्घिका एवढ्याच. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर, पण तिसरा ठळक शेजारी शोधायला गटाबाहेर, एक कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास जावं लागतं. पाचवा तर दूरच राहिला! म्हणजे छोट्या गटात हे माप गटाबाहेरचं अंतर सांगतं आणि कन्या समूहासारख्या दीर्घिकांनी गजबजलेल्या ठिकाणी आतलं. आलेखाच्या एकाच अक्षावर दोन निराळ्या गोष्टी. विरळ भागातले माझे बिंदू इतके का विखुरलेत, हे यातून उलगडलं आणि त्यानंतर त्या मापावर माझा जीव बसला नाही.

यांग आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या गट-यादीत गटातली मुख्य म्हणजे मध्यवर्ती दीर्घिका कोणती, तिच्याभोवती फिरणारी उपदीर्घिका कोणती, हे लगेच कळतं. परिसराचा फटका बसतो तो मुख्यतः उपदीर्घिकांना. समूहातल्या तप्त वायूतून वेगाने जाताना त्यांचा थंड वायू ओरबाडला जातो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्येच हे मांडलं होतं. नॉर्मा समूहातल्या ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेची ओरबाडलेल्या वायूची लांब शेपटी पाहा, मन भरून येतं.

यादीतही खोट आहे. ती ज्या स्लोन माहितीवर बेतली आहे, त्या वेळी दीर्घिकांचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणारे दोन तंतू आकाशात ५५ विकलांपेक्षा जवळ बसत नव्हते, त्यामुळे नेमके दाटीतलेच शेजारी सुटले. रेडशिफ्ट (प्रकाश किती ताणला गेला, यावरून अंतर सांगणारं माप) १ च्या आसपास, म्हणजे फार लांब, मोजलेले वर्णपट इतके विरळ होतात की छोटे गट हाती लागत नाहीत. २००७ मध्ये एल्बाझ आणि सहकाऱ्यांना तिथे दाट भागात तारानिर्मिती उलट जास्त दिसली, तीही घनतेच्याच मापावर. तितक्या लांबचं काम असेल तर घनताच घ्या. जवळच्या विश्वात मात्र, जमल्यास, गटांपासून सुरुवात करा आणि मध्यवर्ती व उपदीर्घिकांचे आलेख पहिल्याच दिवशी वेगळे काढा.