डीसीएस वर्ल्डमधील स्पिटफायर: अवघड, पण मनापासून आवडलेले विमान

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमाने उडवण्याच्या संगणकीय खेळातील स्पिटफायर एलएफ मार्क ९ हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान मी ऑनलाइन लढतींत आवर्जून निवडतो, कारण मर्लिन ६६ इंजिनाचे बळ आणि रुंद, लंबवर्तुळाकार पंखांमुळे साधणारी चपळ वळणे इथे फार प्रामाणिकपणे उतरली आहेत. उड्डाण मात्र सोपे नाही: चाकांमधील अंतर कमी असल्याने धावपट्टीवर विमान सहज भरकटते, रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलांवरचे पाय सतत जागे ठेवावे लागतात, आणि जमिनीवर फार वेळ रेंगाळल्यास इंजिन तापते. हवेत गेल्यावर स्टिकला अगदी हळुवार स्पर्श पुरतो. प्रत्येक २० मिमी तोफेसाठी केवळ १२० गोळे असल्यामुळे शत्रू जवळ येईपर्यंत संयम राखणे भाग असते. मेसरश्मिट १०९ के-४ हे जर्मन लढाऊ विमान उंच चढून निसटू लागले, तर पाठलाग न करता त्याला पुन्हा वळणांच्या लढतीत ओढावे, असे माझे ठाम मत आहे.