महानगराचा कारभार: करार, प्राधिकरण, विलीनीकरण की दुहेरी रचना?

शेजारच्या शहरांबरोबर एकत्र येण्याचा प्रस्ताव नगरपालिकेच्या सभेपुढे येतो तेव्हा बहुतेक वेळा ‘कसं’ यावर पानंच्या पानं असतात आणि ‘कशासाठी’ यावर एखादा परिच्छेद. तो परिच्छेद आधी वाचा. कचरा उचलायचा आहे, रेल्वे बांधायची आहे, की श्रीमंत उपनगराच्या करातला वाटा गरीब उपनगरापर्यंत पोचवायचा आहे? तिन्ही कामं एकाच रचनेत नीट होत नाहीत.

सगळ्यात हलका मार्ग आपसातल्या कराराचा. लॉस एंजेलिस परगण्यात १९५४ साली स्थापन झालेल्या लेकवुड शहरानं स्वतःची खाती उभारली नाहीत. पोलीस बंदोबस्तासारख्या सेवा परगण्याकडून पैसे मोजून घेतल्या. पुढे बऱ्याच छोट्या शहरांनी तोच कित्ता गिरवला. करार लवकर होतो, खर्च डोळ्यांसमोर राहतो, नाही पटलं तर मोडता येतो. पण दोघांचाही फायदा असेल तिथेच तो टिकतो. सगळ्या परिसराचा कचरा डेपो आपल्या हद्दीत घेण्याचा ठराव कुठली सभा आपणहून करील?

रेल्वे आणि पाणीपुरवठ्यासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज लागतं. कधीही मोडता येणाऱ्या करारावर ते मिळणं कठीण, म्हणून एकाच कामापुरतं प्राधिकरण नेमतात. इथे सामील कोण होणार हीच खरी अडचण असते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीची बार्ट रेल्वे पाच परगण्यांसाठी आखली होती. १९६१ साली सॅन मातेओ बाहेर पडला, १९६२ साली मरिन, आणि १९७२ साली रेल्वे सुरू झाली ती तीन परगण्यांची संस्था म्हणून. दुसरी मर्यादा कामाच्या विभागणीची: प्राधिकरण स्थानक बांधतं, पण स्थानकाभोवती किती घरं व्हावीत याचा निर्णय सहसा स्थानिक नगरपालिकेच्या हाती असतो. अशी चार प्राधिकरणं झाली की तक्रार कुणाकडे न्यायची हे नागरिकाला कळेनासं होतं.

वरच्या सरकारांना विलीनीकरण फार आवडतं. नकाशा स्वच्छ दिसतो. टोरांटोत १९५४ पासून खाली नगरपालिका आणि वर मेट्रो टोरांटो अशी व्यवस्था होती. १९९७ सालच्या मतदानात लोकांनी मोठ्या बहुमतानं नकार दिला, तरी प्रांत सरकारनं १ जानेवारी १९९८ पासून सहाही नगरपालिका एक केल्या. काटकसरीचं आश्वासन फारसं खरं ठरलं नाही. पगार आणि सेवांचे दर्जे जुळवायचे म्हटलं की जुळवणी वरच्या पातळीलाच होते. शिवाय झपाट्यानं वाढणारी उपनगरं होती नव्या हद्दीच्या पलीकडे, आणि ती तिथेच राहिली. माँट्रियलमध्ये २००२ साली बेटावरच्या सगळ्या नगरपालिका जोडल्या. प्रांतात सरकार बदललं, २००४ साली मतदान झालं आणि २००६ च्या सुरुवातीला १५ नगरपालिका पुन्हा वेगळ्या झाल्या. घटस्फोट झाला, पण पोलीस, अग्निशमन आणि बससेवेचा संसार सामायिकच राहिला.

उरली दुहेरी रचना: गावं आपापल्या जागी, वर परिसराची एक संस्था. माझा कल हिच्याकडे आहे, पण डोळे झाकून नाही. पोर्टलंडची ‘मेट्रो’ (रेल्वे नव्हे) म्हणजे अमेरिकेतलं थेट लोकांनी निवडलेलं एकमेव प्रादेशिक सरकार. शहराची वाढ कुठवर होऊ द्यायची ती सीमारेषा तीच ठरवते. श्टुटगार्टचं प्रादेशिक मंडळही १९९४ पासून थेट निवडून येतं, मात्र त्याला स्वतःचा कर लावता येत नाही. सदस्य नगरपालिकांच्या वर्गणीचा त्याला मोठा आधार. मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरात उलट चित्र आहे. तिथल्या परिषदेचे सदस्य राज्यपाल नेमतात, मतदार नव्हे. तरीही करवाटपाचं सगळ्यात धाडसी उदाहरण त्याच परिसरातलं. १९७१ च्या कायद्यानं व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर होणाऱ्या वाढीचा ४० टक्के हिस्सा सामायिक खात्यात जातो आणि दुबळ्या नगरपालिकांना त्यातून अधिक मिळतं. बर्न्सव्हिल हे उपनगर त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. १९७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. हे वाटप राज्याच्या कायद्यातून आलं, शेजाऱ्यांच्या समजुतीतून नव्हे.

पण कायद्यानं दिलेलं कायद्यानं काढूनही घेता येतं. लंडनची निवडून आलेली महापरिषद १९८६ साली संसदेनं बरखास्त केली. त्यानंतर २००० पर्यंत अख्ख्या शहरासाठी निवडून आलेली संस्थाच नव्हती. ग्रेटर मँचेस्टरची परिषदही तेव्हाच गेली. तिथल्या दहा नगरपालिकांनी मात्र स्वेच्छेनं संघटना चालू ठेवली. विमानतळाची सामायिक मालकी हा त्यांना बांधून ठेवणारा एक धागा. २०११ साली या सहकार्याला संयुक्त प्राधिकरणाचं कायदेशीर रूप मिळालं, २०१७ साली थेट निवडलेला महापौर आला आणि २०२३ ते २०२५ दरम्यान सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या. दुहेरी रचना एका ठरावात उभी राहील, असं सांगणाऱ्याला ही वर्षं मोजायला लावावीत.

तेव्हा फक्त एखादी सेवा हवी असेल तर करार करा आणि पुढे जा. दीर्घ कर्जाचं बांधकाम असेल तर प्राधिकरण, पण बाहेर पडणाऱ्यानं कर्जातला वाटा फेडण्याची अट आधीच घालून. विलीनीकरण तेव्हाच, जेव्हा नवी हद्द लोक रोज कामाला जातात-येतात तो बहुतेक टापू कवेत घेते. असं क्वचित घडतं. कर आणि जमीन हा प्रश्न असेल तर राज्याच्या कायद्याशिवाय दुहेरी रचनेला अर्थ नाही.

रचना कुठलीही निवडा, मतांचा हिशेब लेखी घ्या. प्रत्येक नगरपालिकेला एक मत दिलं तर मोठं शहर रुसतं. लोकसंख्येनुसार दिली तर छोट्यांना येण्यात रस उरत नाही. कॅनडातल्या मेट्रो व्हँकूवर या प्रादेशिक संस्थेनं मधला मार्ग काढला आहे: दर २०,००० लोकसंख्येमागे एक मत, पण एका प्रतिनिधीकडे जास्तीत जास्त पाच. आकडे तुमच्या परिसराप्रमाणे बदला, पण वरची मर्यादा ठेवा.