एकखंडी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ : वापरून, मोडून, शिवून झाल्यावर

टॉल्किन यांच्या या कादंबरीची गोष्ट काय आहे ते सांगत बसत नाही. अंगठी, ती नष्ट करायला निघालेले बुटके हॉबिट, जादूगार गॅन्डाल्फ, जिथे ती टाकायची ती डोंगराच्या पोटातली आग. ज्यांना वाचायचं होतं त्यांनी वाचलंय, उरलेल्यांनी पडद्यावर पाहिलंय. मला बोलायचंय ते बाइंडिंगबद्दल.

मागच्या दिवाळीनंतर मी ही हजारावर पानांची पेपरबॅक ऑनलाइन मागवली. तीन सुटे खंड घेतले असते तर चार-साडेचारशे रुपये जास्त गेले असते. मजकूर तोच, नकाशे तेच, मग तीन कव्हरांचे पैसे कशाला द्यायचे? घरी आलं तेव्हा छान दिसत होतं. कागद पातळ पण पलीकडचं न दिसणारा, छपाई स्वच्छ, अक्षर चाळिशीच्या चष्म्याला जेमतेम चालेल असं. तेव्हाच कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. म्हणून म्हणते, पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलेले अभिप्राय वाचत जाऊ नका.

हिवाळाभर काही त्रास नाही. त्रास एवढाच की पडून वाचता येत नाही. एका हातात धरलं तर मनगट बोलतं, छातीवर ठेवलं तर श्वास. पोटावर उशी, उशीवर पुस्तक, अशी सोय करून मी गोष्टीतल्या मोरियाच्या खाणी पार केल्या. टॉम बॉम्बाडिल या गाणाऱ्या गृहस्थांची पानं भराभर उलटली, ते कबूल आहे. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्यांना चित्रपटातून अख्खंच गाळलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग मे आला. बडोद्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुपारी पंखा गरम हवा फिरवत होता, मी हेल्म्स डीप या किल्ल्याच्या लढाईत होते, आणि पुस्तकाच्या पाठीतून कटकन आवाज आला. पान उलटलं तर तटबंदी एका हातात आणि चाल करून आलेले ऑर्क राक्षस दुसऱ्या हातात. बरोबर मध्यावर उभी चीर. चार दिवसांत चिरेच्या दोन्ही बाजूंची पानं सुटी व्हायला लागली.

यात गूढ काही नाही. असल्या पेपरबॅकमध्ये शिलाई नसतेच. फर्म्यांच्या, म्हणजे छापून दुमडलेल्या कागदांच्या जुड्यांच्या, घड्या पाठीकडून कापून टाकतात, सुट्या झालेल्या पानांच्या कडेला वितळवलेला गोंद फासतात आणि वर कव्हर चिकटवतात. अडीचशे पानांच्या पुस्तकाला हे चालतं. हजार पानांचं पुस्तक मध्यावर उघडलं की सगळा ताण गोंदाच्या एका रेघेवर येतो. शिवाय जो गोंद उष्णतेने पातळ करून लावलाय, तो बेचाळीस डिग्रीत टणक राहील ही अपेक्षा कुणी आणि कशाच्या जोरावर केली?

गंमत म्हणजे हेल्म्स डीपला मोडणारं हे पहिलं काम नाही. राल्फ बाक्शी यांनी 1978 मध्ये या कादंबरीचा अॅनिमेशनपट केला, तोही याच लढाईपाशी येऊन संपला, आणि त्यांच्या हातून पुढचा भाग कधी झालाच नाही. म्हणजे अर्धीच गोष्ट हातात राहणारी मी एकटी नव्हते.

विक्रेत्याशी भांडण झालं, ते थोडक्यात सांगते. परत करायची मुदत सात दिवस. मी लिहिलं, हजार पानांचं पुस्तक सात दिवसांत मध्यापर्यंत वाचून दाखवणारा ग्राहक मला दाखवा, मग बोलू. उत्तरात दिलगिरी. पुन्हा लिहिलं. पुन्हा दिलगिरी, फक्त सही वेगळी. फोटो मागवले, फोटो पाठवले, त्यावर ‘वापरामुळे झालेली झीज’ असा निकाल. पुस्तक वापरलं हा माझा गुन्हा. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं आणि ते मोबाइलच्या कव्हरांवरच चालणारं निघालं. इथे मी दोन तारे कापले. ते परत लावणार नाही.

मात्र पुढे जे झालं त्याची अपेक्षा नव्हती. जूनमध्ये मी पुढचा अर्धा भाग पर्समध्ये टाकून ऑफिसला न्यायला लागले आणि वाचन दुप्पट वेगाने व्हायला लागलं. दांडिया बाजारातून बसने जाताना, जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर बँकेच्या रांगेत. पडून वाचता यायला लागलं. उशी पलंगावर परत गेली. मोडलेलं पुस्तक धड पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी, हे हिशेबात बसत नव्हतं, पण होतं तसं. वाईट एवढंच की उघड्या पाठीकडची पानं गळत होती, आणि अंगठी वाहणारा हॉबिट फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांच्या दोन पानांवर लिल्या, म्हणजे ओल्या, चिवड्याचं तेल सांडलं. तो दोष प्रकाशकाचा नाही, माझ्या जावेचा आहे.

मुळात ही कादंबरी टॉल्किन यांच्या लेखी एकच होती. आतून त्यांनी सहा भाग पाडले आहेत, आपल्याकडच्या पर्वांसारखे. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग, एवढं मोठं पुस्तक खपेल याची खात्री नाही, म्हणून प्रकाशकाने तीन खंड केले. पहिले दोन 1954 मध्ये जुलै आणि नोव्हेंबरला आले, तिसरा ऑक्टोबर 1955 मध्ये. एकखंडी पेपरबॅक निघाली ती 1968 मध्ये. म्हणजे पैसे वाचवायला त्यांनी एकाचे तीन केले, आणि पैसे वाचवायला मी तिनाचं एक घेतलं.

पावसाळ्यात, पानं ओली होण्याआधी, मांडवीकडच्या एका जुन्या बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बेन, आमां तो सिलाई ज नथी.” यात शिलाईच नाही. मी म्हटलं, ते माहीत आहे, म्हणून तर आले. ते म्हणाले, घडीच कापलेली आहे त्यामुळे फर्म्यातून शिवता येणार नाही. कडेने दाभणाने भोकं पाडून शिवावं लागेल. पण एवढ्या जाडीतून दाभण सरळ जाणार नाही, आणि गेलं तरी आतला समास दोरा खाईल, पुस्तक अर्धंच उघडेल. “त्रण भाग करी नाखो.” तीन भाग करून टाका.

बडोद्यात पुस्तकाच्या बांधणीबद्दल असं ठामपणे बोलणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावले. त्या कामातून उभ्या राहिलेल्या मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्या आणि जाड काचेची जमीन आहे, आणि तिथली जुनी कापडी बांधणीची पुस्तकं इथले कितीतरी मे महिने खाऊन ताठ उभी आहेत. असो.

आता प्रश्न आला, कापायचं कुठे? काकांचं म्हणणं, जाडीने कापा, तिन्ही सारखे दिसतील. मी म्हटलं, गोष्टीने कापा. पुण्याची भाची व्हिडिओ कॉलवर होती, ती ओरडली, “मावशी, जिथे पिक्चर संपतात तिथे काप!” तिने तिन्ही चित्रपट लांब आवृत्तीत पाहिलेत आणि पुस्तक उघडलेलं नाही, त्यामुळे तिचं मत मी आधी बाजूला ठेवलं. नंतर रात्री दोन्हीकडचे शेवट ताडून पाहिले आणि अर्धं मान्य केलं.

अंगठीबरोबर निघालेल्या टोळीतल्या बोरोमीर या योद्ध्याचं बघा. कादंबरीत अंगठीच्या मोहाने त्याचं मन फिरतं ते पहिल्या खंडाच्या शेवटच्या प्रकरणात, आणि तो मरतो दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात. त्याची लढाई टॉल्किन दाखवतही नाहीत. टोळीतलाच अॅरागॉर्न पोहोचतो तेव्हा तो झाडाला टेकून बाणांनी विंधलेला असतो. जॅक्सनने हे प्रकरण उचलून पहिल्या चित्रपटाच्या शेवटाला जोडलं आणि लढाई सगळी पडद्यावर आणली. पूर्वी मला तो फिल्मीपणा वाटायचा. या वेळी सलग वाचल्यावर वाटलं, पाप आणि त्याची फेड एकाच जिल्दीत असावी. पहिला काप चित्रपटाप्रमाणे.

दुसरा काप मात्र पुस्तकाप्रमाणे. दुसरा खंड संपतो तेव्हा शेलॉब कोळिणीने फ्रोडोला डसून झालेलं असतं, तो शत्रूच्या हातात आणि सॅम बंद दाराबाहेर. त्या वेळच्या वाचकांनी अशा अवस्थेत जवळपास वर्ष काढलं. जॅक्सनने शेलॉब तिसऱ्या चित्रपटात ढकलली. त्याला आधार आहे: परिशिष्टात टॉल्किन यांनी तारीखवार तक्ता दिलाय, त्यात हेल्म्स डीप 3 आणि 4 मार्चला, शेलॉबनंतर फ्रोडो पकडला जातो तो 13 मार्चला आणि पेलेनॉरची मोठी लढाई 15 मार्चला. म्हणजे तारखा लावल्या तर शेलॉब तिसऱ्या भागातच शोभते. (मी अकाउंट्समध्ये आहे. हा तक्ता मला अख्ख्या कादंबरीइतका आवडतो. दोन टोळ्या वेगवेगळ्या दिशांना चालताहेत आणि चंद्राच्या कलासुद्धा जुळतात.) पण ते दार बंद होण्याचा धक्का मला खंडाच्या शेवटीच हवा होता. पैसे माझे, काप माझा.

जॅक्सन मुळात दोनच चित्रपटांचा प्रस्ताव घेऊन फिरत होता. आधीचा स्टुडिओ तर एकातच उरका म्हणत होता. न्यू लाइन स्टुडिओच्या बॉब शे यांनी विचारलं, पुस्तकं तीन आहेत तर चित्रपट तीन का नाहीत? 2001, 2002, 2003, आणि शेवटच्याला अकरा नामांकनांवर अकरा ऑस्कर. तोपर्यंत हिशेब बरोबर होता. पुढे ‘हॉबिट’ला काय झालं कुणास ठाऊक. 1937 चं मुलांसाठीचं आटोपशीर पुस्तक, लांबीने याच्या पाचव्या हिश्श्याचं. त्याचेही तीन चित्रपट, जवळपास आठ तास. साडेचार लाखांवर शब्दांना सव्वानऊ तास पुरतात आणि लाखभराला आठ लागतात, अशी व्हाउचर आमच्या ऑफिसात कुणी पास करणार नाही.

चित्रपटांवर माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. लढाया संपवून चौघे हॉबिट घरी येतात तर गावाचा सत्यानाश झालेला असतो. झाडं तोडलेली, जिकडेतिकडे नियमांच्या पाट्या, मोजूनमापून धान्य, आणि हे सगळं कुणाच्यातरी हुकमाने, पण हुकूम देणारा समोर नाही. हे प्रकरण जॅक्सनने गाळलं. चित्रपटातले हॉबिट परत येऊन निवांत बिअर पितात. ज्याने आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर आठवड्याला नवी सूचना वाचली आहे त्याला विचारा, राक्षसांच्या सैन्यापेक्षा खरं काय वाटतं. बोरोमीरच्या भावाला, फॅरामीरला, उगाच अंगठीच्या मोहात पाडलंय, तेही मला पटलेलं नाही. पण त्याला मी माफ करते, पाट्यांना नाही.

आणि सॅमची भांडी. हॉबिटांच्या शायर मुलखापासून पाठीवर वाहिलेले तवे-पातेली तो शत्रूच्या मॉर्डॉरमध्ये वजन कमी करायला दरीत टाकतो. अंगठी वितळली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. भांडी गेली तेव्हा आलं.

बाइंडरकाकांनी आठ दिवस सांगितले आणि नवरात्र आलं. त्यांचा खरा धंदा दिवाळीच्या चोपड्यांचा. लाल कापडाच्या वह्यांचे ढीग दुकानात आणि माझा फ्रोडो कुठेतरी शिकंज्यात दाबून ठेवलेला. फोन केला की “काले”, म्हणजे उद्या. दिवाळी झाल्यावर मिळालं. मी तपकिरी रेक्झिन सांगितलं होतं, त्यांनी उरलेलं चोपड्याचं लाल कापड लावलं. मी वाद घालणार, तेवढ्यात भाचीला फोटो गेला आणि ती म्हणाली, गोष्टीतल्या म्हाताऱ्या हॉबिटाचं, बिल्बोचं, पुस्तकसुद्धा लालच असतं. पुस्तक न वाचता हिला हे कसं माहीत असतं? पण आहे खरं. टॉल्किन यांनी ही सारी हकीकत एका लाल जिल्दीच्या हस्तलिखितातून घेतल्याचा बहाणा केलाय. पैसे देऊन टाकले.

आता वापर. खळीत मोरचूद घातलाय म्हणतात, कसर लागू नये म्हणून. वास आठवडाभर राहिला. शिलाई घट्ट आहे. आतल्या ओळी दोऱ्याजवळ गेल्यात, पहिला खंड थोडा दाबून धरावा लागतो, पण एका हातात मावतो. बांधणीला साडेचार तारे. मूळ पुस्तक आणि बांधणी मिळून तीन सुट्या खंडांपेक्षा तीस-चाळीस रुपये जास्तच पडले, तो आकडा घरात कुणाला सांगितलेला नाही.

कुणी असंच करणार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. नकाशे सगळे पुस्तकाच्या शेवटी असतील तर ते तिसऱ्या खंडात जातात, आणि त्यांची खरी गरज पहिल्यात असते. दुसरं, जिथे काप घ्यायचा तिथलं पान उलटून पाहा. माझ्या प्रतीत बोरोमीरचं प्रकरण उजव्या पानावर संपतं आणि पुढचं त्याच पानाच्या पाठीवर सुरू होतं. ते पान पहिल्या खंडात गेलं, आणि दुसरा खंड आता झेरॉक्सने सुरू होतो. झेरॉक्सवाल्याने ती किंचित तिरकी काढलीय.