मंद वाऱ्यातली होडी: जुन्या शिडांची जुळवणी, नवी शिडे, जेनोआ की जेनेकर?

नागपूरच्या अंबाझरी तलावावर हिवाळ्याच्या सकाळी वारा अनेकदा पाच नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटरच्या, खालीच रेंगाळतो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने सहा नॉटचा वारा तीनवर उतरला की जोर पाव उरतो, आणि होडीच्या मालकाला मोठे शीड घ्यावेसे वाटू लागते. ही इच्छा स्वाभाविक आहे, पण खर्चाचा क्रम तिच्यावरून ठरवू नये. येथे दोघांनी चालवायची, नौदल एनसीसीच्या छात्रांना परिचित असलेल्या एंटरप्राइजसारखी होडी गृहीत धरली आहे. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेल्या या होडीला मेनसेल (डोलकाठीमागचे मुख्य शीड) आणि जिब (तिच्यापुढचे लहान शीड) मिळून सुमारे साडेदहा चौरस मीटर शीड असते.

आहे त्याच शिडांची जुळवणी बदलणे हा सर्वांत स्वस्त पर्याय असून माझ्या मते सर्वाधिक फळ देणाराही तोच आहे. मध्यम वाऱ्यात किकर (बूम, म्हणजे मेनसेलच्या तळाची आडवी काठी, खाली ओढणारा दोर) आणि मेनशीट (मेनसेल आत-बाहेर घेणारा दोर) ताणून ठेवण्याची जी सवय लागते, तीच मंद वाऱ्यात घातक ठरते, कारण त्यामुळे बूम खाली दाबला जातो, मेनसेलची मागची कड आवळली जाते आणि मुळातच अशक्त असलेला वारा शिडामागे अडखळतो. किकर सैल सोडला की बूम किंचित उचलला जातो आणि शिडाचा वरचा भाग मोकळा होऊन, पाण्यापासून उंचावर जो थोडा जास्त वारा असतो, त्याच्याशी जुळवून घेतो. आउटहॉल, म्हणजे शिडाची खालची कड बूमवर ताणणारा दोर, याबाबत मात्र सरसकट सैल सोडण्याचा सल्ला अपुरा आहे. पाच ते आठ नॉटमध्ये शिडाला भरीव पोट हवे. तीनच्या खाली हवा तो खोल बाक धरून वाहू शकत नाही, म्हणून तेथे शीड पुन्हा थोडे सपाट करावे लागते. मागच्या कडेवरचे टेलटेल (हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या बारीक फिती) बहुतांश वेळ मागे फडफडत असतील तर जुळवणी योग्य आहे असे समजावे.

याच पर्यायात दोर आणि ब्लॉक (दोर ज्यांवरून फिरतो त्या कप्प्या) बदलणे येते. पाणी पिऊन जड झालेली जाड जिबशीट (जिब आत-बाहेर घेणारा दोर) शिडाचा कोपरा आपल्या वजनानेच खाली ओढते. तिच्याऐवजी पाणी न शोषणारा सहा मिलिमीटरचा दोर लावला आणि मेनशीट कमी फेऱ्यांतून, बॉल बेअरिंगच्या ब्लॉकवरून घेतली, तर शीड हलक्या झुळकेनेही बाहेर जाते. दोघांनी पुढे सरकून होडी वाऱ्याच्या उलट बाजूला किंचित कलती ठेवावी, म्हणजे पाण्याशी होणारे घर्षण घटते आणि शिडे स्वतःच्या वजनाने आकारात राहतात. याला तर पैसाही लागत नाही.

नवी शिडे घेण्याचा विचार त्यानंतर करावा. ताणून सैलावलेल्या डेक्रॉनचे (शिडांच्या पॉलिएस्टर कापडाचे) पोट मागे सरकते आणि मग कोणतीही जुळवणी पुरेशी ठरत नाही. अशी अवस्था असेल तर खर्च समर्थनीय आहे, एरवी नाही. लॅमिनेटचे (थर चिकटवून बनवलेल्या कापडाचे) शीड आकार अधिक काटेकोर धरते. तरीही ते वारंवार दुमडणे आणि वैदर्भीय उन्हात उघडे ठेवणे लक्षात घेता, सरावाच्या होडीसाठी मी डेक्रॉनच निवडेन.

जेनोआ (डोलकाठीच्या मागेपर्यंत पोहोचणारा मोठा जिब) आणि जेनेकर (पुढे लावायचे हलके, फुगीर शीड) यांची तुलना तलावाच्या आकारावर येऊन ठेपते. जेनोआ वाऱ्याच्या दिशेने चढतानाही उपयोगी पडतो, परंतु प्रत्येक टॅकला, म्हणजे होडीचे नाक वाऱ्यातून वळवून बाजू बदलताना, ते मोठे शीड डोलकाठीसमोरून ओढून न्यावे लागते, आणि लहान तलावावर टॅक इतक्या वारंवार येतात की मिळवलेली गती त्यातच खर्ची पडते. शिवाय जिबशीटचे ब्लॉक नव्या जागी बसवावे लागतात. जेनेकरचे हलके नायलॉन मंद झुळकेतही चटकन फुगते. मात्र तो आडव्या किंवा मागून तिरक्या वाऱ्यातच चालतो, ऐन पाठवाऱ्यावर मेनसेलच्या आड निपचित पडतो, आणि त्यासाठी पुढे दांडा, वेगळा हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) व दोन लांब शीट लागतात. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या मोठ्या जलाशयावर त्याला लांब पल्ला मिळू शकतो. अंबाझरीवर तो उघडून स्थिरावेपर्यंत पलीकडचा काठ येतो. एंटरप्राइजच्या वर्गनियमांत स्पिनेकरला, म्हणजे जेनेकरसारख्या फुगीर शिडाला, जागा नसल्याने शर्यतीत उतरणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

उंच डोलकाठीची सूचनाही काही जण करतात. मे-जूनमध्ये विदर्भात वळवाच्या पावसाआधी येणाऱ्या अचानक वावटळी पाहता, मंद वाऱ्यासाठी वाढवलेली ती उंची होडी उलटण्यास कारण ठरू शकते. दोन माणसांच्या लहान होडीसाठी हा पर्याय मी विचारातच घेणार नाही.