दहा टक्के नायसिनामाइड : बाटलीमागची यादी वाचून

द ऑर्डिनरी या ब्रँडचं ‘नायसिनामाइड १०% + झिंक १%’ हे ३० मिलीचं सीरम. नायसिनामाइड म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच नायसिनामाइड, मग पेंटिलीन ग्लायकॉल (ओलावा धरणारं द्रावक), मग झिंक पीसीए (जस्ताचा क्षार). घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून हा क्रम बोलका आहे. मात्र एक टक्का आणि त्याखालचे घटक कसेही मागेपुढे लिहायची मुभा असते. एखाद्या क्रीमच्या पुठ्ठ्यावर मोठ्ठं ‘नायसिनामाइड’ आणि यादीत ते फिनॉक्सिइथेनॉलच्याही खाली असेल, तर समजून जा! फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) सहसा एक टक्क्यापर्यंतच असतं.

पुढे सापडतो टॅमरिंडस इंडिका सीड गम, म्हणजे आपला चिंचोका. त्याची खळ घोंगड्यांना लावतात. इथे तो झँथन गमसोबत दाटपणा देतो. चिकटपणा आणि चोळल्यावर सुटणाऱ्या बारीक पांढऱ्या गोळ्या, दोन्हींचं खापर या गमांवर फोडता येतं. संपूर्ण चेहऱ्याला तीन-चार थेंब पुरतात. किंचित ओल्या त्वचेवर दाबून लावा, एक-दोन मिनिटं वाळू द्या, मगच क्रीम. जाड क्रीमवर किंवा सिलिकॉनयुक्त सनस्क्रीनवर चोळलं की गोळ्या झाल्याच म्हणून समजा.

सुगंध नाही, हे उत्तम. पण दहा टक्के सगळ्यांना लागतात असं नाही. कोरड्या, चटकन लाल होणाऱ्या त्वचेला चार-पाच टक्क्यांचं सीरम बरं. तेलकट त्वचेला हे चालेल. आधी तीन-चार दिवस कानामागे लावून बघा.