ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा असे मैदान

जानेवारीतल्या दोन रविवारी एका सदस्य स्नेह्यांचा पाहुणा म्हणून मी नागपुरातील दाट झाडीच्या एका गोल्फ मैदानावर दोन्ही वेळा पूर्ण १८ होल खेळलो. माझा हँडिकॅप, म्हणजे पूर्ण फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, २० च्या आसपास आहे. टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) चेंडू साधारण २०० यार्ड जातो आणि बहुतेक होलला पारपेक्षा (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एक फटका जास्त लागतो. हा अभिप्राय माझ्यासारख्याच खेळाडूंसाठी आहे.

मैदानाचे स्लोप रेटिंग ५५ ते १५५ या दरम्यान असते आणि ११३ हे प्रमाण मानले जाते. कसलेल्या खेळाडूच्या तुलनेत आपल्यासारख्याला मैदान किती जास्त जड जाईल, हे तो आकडा सांगतो. अरुंद फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) आणि झाडी असली की हा फरक चटकन जाणवतो, कारण कसलेल्याचा चुकलेला फटका फार तर फेअरवेच्या कडेला पडतो आणि आपला सागाच्या बुंध्यामागे जाऊन बसतो.

चौथा होल पार चारचा, फार लांब नसलेला, पण डावीकडे वळणारा आणि दोन्ही बाजूंनी साग-कडुनिंबाने आवळलेला आहे. पहिल्या रविवारी कॅडी (गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणाला, “साहेब, ड्रायव्हर राहू द्या, सात नंबरने कोपऱ्यापर्यंत जाऊ.” सात नंबर ही मध्यम अंतराची काठी, तर ड्रायव्हर सर्वांत लांब मारायची. मी ड्रायव्हरच घेतला. चेंडू उजवीकडे झाडीत गेला, दोन बुंध्यांमधल्या फटीतून ग्रीनकडे (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे) मारायला गेलो तर तो बुंध्यावर आपटून माझ्याही मागे गेला, आणि होल आठ फटक्यांत संपला. दुसऱ्या रविवारी त्याचे ऐकले: सात नंबर, पुन्हा सात नंबर, वेज (जवळून उंच मारायची काठी) आणि दोन पट (ग्रीनवरचे हलके फटके). पाच. झाडीत गेल्यावर सर्वांत जवळच्या मोकळ्या बाजूने, आडवा का होईना, चेंडू फेअरवेवर काढणे हाच येथे सर्वांत स्वस्त फटका आहे.

या दिवसांत सागाची रुंद, वाळलेली पाने जमिनीवर पसरलेली असतात आणि चेंडू त्यांच्याखाली अक्षरशः नाहीसा होतो. शोधताना चुकून चेंडू हलला तर दंड नाही, तो जागेवर ठेवायचा. पण सापडल्यानंतर भोवतालची पाने बाजूला करताना हलला, तर एक फटका दंड बसतो आणि चेंडू पुन्हा जागेवर ठेवावा लागतो. म्हणून चेंडूला टेकलेल्या पानाला मी हात लावत नाही. शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात, त्यामुळे शंका आली की टीवरूनच प्रोव्हिजनल चेंडू (पहिला सापडला नाही तर खेळायचा दुसरा) मारून ठेवावा.

येथेच माझी तक्रार आहे. झाडे हवीतच, त्यांच्यावाचून या मैदानाला अर्थ नाही. परंतु त्यांच्याखालचे झुडुपांचे रान किमान फेअरवेलगतच्या पट्ट्यात काढायला हवे होते. पहिल्या दिवशी मी चार चेंडू हरवले, आणि त्यांतले दोन तर पडताना डोळ्यांनी पाहिले होते. हरवलेल्या चेंडूसाठी मागे टीवर न जाता, दोन फटक्यांचा दंड घेऊन तो हरवला त्या अंतरावर फेअरवेच्या कडेला दुसरा चेंडू ड्रॉप करण्याची (हातातून खाली सोडण्याची) मुभा देणारा स्थानिक नियम २०१९ पासून उपलब्ध आहे. तो येथे लागू नव्हता. लागू केला, तर मागच्या गटांचा खोळंबा बराच कमी होईल.

ग्रीन नीट राखलेली होती आणि चहा-नाश्त्याची सोय पुरेशी होती. कॅडींना मात्र प्रत्येक झाडाची फांदी कुठवर येते ते ठाऊक आहे. नवख्याने कॅडी घेतल्याशिवाय येथे खेळू नये. ऋतू हिवाळ्याचाच उत्तम. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा सकाळी लवकर नऊच होल खेळावेत, आणि पावसाळ्यात काळी माती बुटांना धरून ठेवते.

फेब्रुवारीसाठी मी त्याच कॅडीला सांगून ठेवले आहे. ड्रायव्हर नेणार आहे, पण तो फक्त दोन मोकळ्या होलसाठी. चौथ्यावर सात नंबरच निघेल.