स्पीकरखालचे आयसोलेशन फीट: आठ महिन्यांनंतर काय थांबलं, काय नाही

खालच्या मजल्यावरचे काका गेल्या वर्षी एका रात्री वर आले. "गाणं ऐकू येत नाही रे फारसं, पण पलंग थरथरतो," म्हणाले. मी तेव्हा एक विलंबित ख्याल ऐकत होतो. डग्ग्याची प्रत्येक थाप स्लॅबमधून थेट त्यांच्या पाठीपर्यंत जात होती. मला फार वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून मी आयसोलेशन फीटच्या, म्हणजे कंपन फरशीत उतरू नये म्हणून स्पीकरखाली लावायच्या लवचिक पायांच्या, मागे लागलो.

माझे टॉवर स्पीकर प्रत्येकी २२ किलोचे. पुण्यातला फ्लॅट, हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल. स्पीकरबरोबर आलेले स्पाइक लावले होते आणि फरशीला चरे पडू नयेत म्हणून त्यांच्याखाली पाच-पाच रुपयांची नाणी. स्पाइक कंपन अडवतात असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. प्रत्यक्षात तो धातूचा खिळा स्पीकरला जमिनीशी घट्ट बांधतो. जाड गालिच्यावर स्पीकर डुलू नये म्हणून त्याचा उपयोग आहे, पण आपल्याकडच्या उघड्या फरशीवर तो कंपनाला सरळ वाट करून देतो.

काही विकत घेण्याआधी एक फुकटचं काम करा. स्पीकरखालच्या आणि आजूबाजूच्या टाइल नाण्याने ठोकून बघा. माझ्या डाव्या स्पीकरखालची टाइल चक्क पोकळ वाजली, गवंड्याने माल नीट भरला नव्हता. तो स्पीकर वीतभर सरकवून भरीव टाइलवर ठेवला आणि डाव्या बाजूचा घुमारा तिथल्या तिथे कमी झाला. एक पैसा लागला नाही.

मग वॉशिंग मशिनखाली ठेवतात ती रबरी पॅड आणली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. यामागचं गणित साधं आहे. वजन ठेवल्यावर पाय किती मिलिमीटर दबतो त्याचं वर्गमूळ काढा आणि १६ला त्याने भागा, म्हणजे स्पीकर आणि पाय मिळून स्वतः किती वेगाने डुलतात ते हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा, मिळतं. १ मिलिमीटर दबला तर सुमारे १६ हर्ट्झ, ४ दबला तर ८. आवाजाचे हर्ट्झ या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वर गेले की कंपन अडायला लागतं. त्याच्या खाली अडत तर नाहीच, आणि नेमक्या त्या गतीजवळ उलट वाढतं. मशिनचं पॅड २२ किलोखाली जेमतेम दबत होतं. शिवाय रबर नुसत्या वजनाखाली वाटतं त्यापेक्षा वेगाने हलताना जास्त कडक वागतं, म्हणून कागदावरचा हिशोब रबराच्या बाबतीत नेहमी थोडा आशावादी निघतो.

त्यानंतर सॉरबोथेनचे, म्हणजे धक्के शोषणाऱ्या रबरासारख्या मऊ पदार्थाचे, अर्धगोल घेतले, आणि इथे माझी खरी चूक झाली. २२ भागिले ४ म्हणजे प्रत्येक पायावर साडेपाच किलो, असं धरून चारही एकाच कडकपणाचे मागवले. दोन महिन्यांत स्पीकर पुढे झुकला. मग वजनकाटा आणला, पुढची बाजू काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवली. पुढे १३ किलो, मागे ९. ड्रायव्हरची, म्हणजे स्पीकरमधल्या आवाज काढणाऱ्या शंकूंची, चुंबकं पुढे असतात, त्यामुळे भार कधीच सारखा वाटला जात नाही. हे अर्धगोल आपल्या उंचीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास दबावेत अशी अपेक्षा असते. माझे पुढचे चपटे होऊन बसले होते आणि तेवढं दबल्यावर ते कडक होतात, मग काहीच अडवत नाहीत. उचलून बघितलं तर टाइलवर तेलकट गोल डागही उमटलेले. पॉलिशच्या लाकडावर तर हे नुसते ठेवूच नका, मध्ये काहीतरी पातळ घाला.

शेवटी आयसोअकॉस्टिक्स कंपनीचे गाया ३ नावाचे पाय लावले, त्याला आता आठ महिने झाले. चार पायांचा संच ३२ किलोपर्यंतच्या स्पीकरसाठी असतो. गाया २ची मर्यादा ५४ किलो आणि गाया १ची १००. मोठा घेतला म्हणजे जास्त चांगला, असं अजिबात नाही. हलक्या स्पीकरखाली जास्त वजनासाठीचा पाय दबतच नाही. वेगवेगळ्या मापांच्या आट्यांचे बोल्ट सोबत येतात, माझ्या स्पीकरला ८ मिलिमीटरचे बसले. पायावरचा लोगो ऐकणाऱ्याकडे किंवा बरोबर उलट दिशेला हवा, कारण पाय ड्रायव्हरच्या पुढे-मागे हलण्याच्या दिशेनुसार बनवलेला आहे. माझा एक तिरका राहिला होता, तो महिन्याभराने लक्षात आला.

पहिल्या दिवशी ऐकताना बास कमी झाल्यासारखा वाटला आणि मी हिरमुसलो. आठवड्याभराने कळलं की गेली होती ती शोकेसच्या काचांची आणि फरशीची साथ. डग्ग्यावरचा घिस्सा आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येतो, आधी त्याची शेपटी घुमाऱ्यात विरून जायची. फायफॉक्स नावाच्या फुकट ॲपने फोन फरशीवर ठेवून कंपन मोजलं, तिथेही स्पष्ट घट दिसली. काकांना विचारलं. पलंग थांबलाय, म्हणाले. पण रात्री एक बारीक गुणगुण येते.

ती गुणगुण पायांनी थांबणारी नव्हतीच. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. माझा हॉल लांबीला जवळपास ५ मीटर, आणि त्या लांबीत ६८-६९ हर्ट्झची लाट नेमकी बसते. म्हणजे खोलीच खर्ज धरून ठेवत होती. हा आवाज हवेतून भिंतींना आणि स्लॅबला हलवतो, स्पीकरखाली काहीही ठेवा. स्पीकर मागच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर होते, ते ८० सेंटिमीटरवर आणले. सोफा भिंतीला टेकलेला होता, तो तीन फूट पुढे घेतला. हॉलमधून ये-जा करायला थोडी अडचण होते, पण तंबोऱ्याच्या चारही तारांची छेड वेगवेगळी ऐकू यायला लागली तेव्हा मी बराच वेळ नुसता तंबोराच ऐकत बसलो. काकांकडची गुणगुणही बरीच उतरली.

सरकवताना एक सांभाळा. गुळगुळीत टाइलवर हे पाय सक्शनसारखे चिकटतात. ढकललं तर बोल्टवर ताण येतो, म्हणून दोघांनी मिळून एक बाजू किंचित तिरकी करून उचला. फरशी पुसणाऱ्या ताईंनाही हे सांगून ठेवलंय. धक्का लागला तर स्पीकर स्पाइकवर होता त्यापेक्षा जरा जास्त डुलतो. तुमच्याकडे रांगतं मूल असेल तर मी अरुंद टॉवरखाली हे लावणार नाही.

आठ महिन्यांत पाय दबलेले किंवा झुकलेले नाहीत, दर महिन्याला पाणसळ ठेवून बघतो. किंमत मात्र बोचते. बेडरूममधल्या साडेसहा किलोच्या छोट्या जोडीखाली मी अजूनही सॉरबोथेनच ठेवलंय, या वेळी पुढे कडक आणि मागे मऊ, खाली काचेच्या चकत्या घालून.